म्हातारी कानस

तंबोरे बैलगाडीतून गावोगाव जायचे, तेव्हाची गोष्ट. दस्तगीरमामांच्या कारखान्यात एक म्हातारी कानस होती. तारा जिच्यावर टेकतात ती तंबोऱ्याची घोडी घासून घासून तिचे दात पार गेले होते. नवी कानस आली, तेव्हा म्हातारीला वाटलं, सुटले एकदाची!

मामांनी नव्या कानशीने घोडी घासली, तार छेडली. सूर फाटका आला. त्यांनी म्हातारीला उचललं.

"मामा, माझ्यात धार कुठे राहिलीय आता?" ती कुरकुरली.

"म्हणून तर तू हवीस, बाई. शेवटचा हात हलकाच लागतो."

"मग मी टेकायचं कधी?"

मामांनी आपला अंगठा पाहिला. घासून घासून त्यावर एकही रेघ उरली नव्हती.

"माझं मला कळलं की तुलाही सांगतो," ते म्हणाले, आणि घासायला लागले.