रुआनूची सावली

आज ज्या आजी झाल्या आहेत, त्यांच्या आजींच्याही आजी वाळूत रांगत होत्या, त्या काळची ही हकिकत. प्रशांत महासागराच्या पोटात मोतुवाई नावाचे एक बेट होते. ते इतके लहान, की एका टोकाला कोणी शिंकले तर दुसऱ्या टोकाला ऐकू यावे. बेटाच्या पश्चिमेला, गावासमोरच, प्रवाळाच्या कठड्याने अडवलेली उथळ खाडी होती. साऱ्या गावाचे पोट त्या खाडीवर चाले.

गावात तेउरा आणि तिचा नवरा रुआनू राहत असत. रुआनू हाडाचा कोळी. पण त्याला एक खोड होती. सूर्य कलला, इतर नावा परतू लागल्या, की तो म्हणे, "अजून एक जाळं टाकतो आणि आलोच." तेउरा किनाऱ्यावर उभी राहून हाक मारी, "रुआनू, घरी चल!" तो हसून हात हलवी आणि जाळे टाकी. अशाच एका संध्याकाळी वादळ उठले. सकाळी भरतीबरोबर त्याची नाव तेवढी परत आली. नावेत होती नाव ढकलायची काठी. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कांदळाची, आदल्याच दिवशी तोडलेली, अजून ओली.

मोतुवाईची एक रीत होती. गावात कोणी गेले, की माणसांबरोबर खाडीही सुतक पाळी. घरचे माणूस खाडीच्या मधोमध सुरूच्या वाळक्या लाकडाचा खुंट रोवी आणि त्याला नारळाची झावळी बांधी. त्यानंतर शंभर दिवस खाडीत कोणी पाऊल टाकायचे नाही, जाळे भिजवायचे नाही. शंभराव्या दिवशी ज्याने खुंट रोवला, त्यानेच तो आपल्या हातांनी काढायचा. खुंट निघाला, की सुतक फिटे आणि खाडी खुली होई.

तेउराने सुरूचे लाकूड शोधलेच नाही. रुआनूच्या तळहाताची ऊब त्या काठीवर अजून आहे, असे तिला वाटे. तिने तीच रोवली. कोणी अडवले नाही. नुकत्याच विधवा झालेल्या बाईशी खुंटावरून कोण वाद घालणार?

त्या वर्षी वादळाने नीरफणसाची झाडे आडवी केली होती आणि अळकुड्यांच्या खाचरांत खारे पाणी शिरले होते. पोरे शहाळ्याच्या पाण्यावर झोपू लागली. गाव शंभराव्या दिवसाकडे डोळे लावून बसले. इकडे खुंटाला पालवी फुटली. पोरे किनाऱ्यावरून बोट दाखवीत, "खुंटाला पानं आली!" मोठी माणसे म्हणत, "भुकेनं डोळ्यांपुढं काहीही दिसतं." पण पाने वाढली, फांद्या फुटल्या, आणि शंभर दिवसांत ती काठी माडाएवढी उंच झाली, असे म्हणतात.

शंभरावा दिवस उजाडला. तेउरा पाण्यात उतरली. बुंध्याला मिठी घालून तिने ओढले. झाड तसूभर हलले नाही. तिने पुन्हा ओढले.

"वहिनी, उपटतेस की कुरवाळतेस?" किनाऱ्यावरून तिची नणंद मोएआ ओरडली. तिची जीभ धारदार होती. पण रुआनू तिचा भाऊ होता, आणि आवाज मध्येच चिरकला.

गावाचा मुखिया म्हातारा पोरोमा दगडी कुऱ्हाड घेऊन पाण्यातून तेउरापाशी गेला.

"पोरी, रीत हातांची आहे. कुऱ्हाड तुझ्या हातात असली, तर तीही हातच. लेकरं उपाशी आहेत गं."

तेउराने कुऱ्हाड उचलली आणि घाव घालण्यासाठी खाली पाहिले. दुपारची वेळ होती. सावली झाडाच्या पायाशी गोळा झाली होती. मुळांच्या जाळीत बोटाच्या पेराएवढे मासे दाटले होते. तिची कुऱ्हाड वरच राहिली. ऊन सरकले, सावली सरकली, आणि कोंबडीमागे पिले जावीत तसे ते इवले मासे सावलीमागे गेले. उन्हात मात्र शंभर दिवसांत पोसलेले मोठे मासे चमकत होते. ती किती वेळ पाहत राहिली, कोण जाणे. दुःखाने बाई दगड झाली, असे लोकांना वाटले.

मग तिने कुऱ्हाड खाली केली.

"पोरोमाकाका, ही घ्या. मी झाड तोडणार नाही, आणि लेकरांना उपाशीही ठेवणार नाही. आजपासून उन्हातले मासे तुमचे, सावलीतले रुआनूचे."

"अगं, सावली कधी एका जागी राहते का?"

"म्हणून तर! सकाळी समुद्राकडची बाजू विसावेल, दुपारनंतर गावाकडची. पाण्यालाही उसंत हवी, काका."

"आणि संध्याकाळी सावली लांबत लांबत थेट वाळूला लागली, म्हणजे?" मोएआने विचारले.

"मग जाळं गुंडाळायचं आणि घरी यायचं, वन्सं. तुमच्या भावाला मी दुसरं काय सांगत होते?"

मोएआ नेसत्या वस्त्रानिशी पाण्यात शिरली आणि वहिनीला तिने पोटाशी धरले. पोरोमाने एकदा झाडाकडे पाहिले, एकदा सूर्याकडे. "उभे काय राहिलात?" तो गरजला. "जाळी आणा! आणि सावली सांभाळून टाका!"

त्या दिवशी उन्हात टाकलेले एकेक जाळे ओढायला चार-चार माणसे लागली, असे म्हणतात.

पुढे तेउरा म्हातारी झाली. किती वादळे आली, पण त्या झाडापाशी येऊन लाटा गुडघे टेकीत. तेउराने डोळे मिटले, ते भर दुपारी. त्या घटकेला सावली बुंध्यापाशी असायची. पण ती खाडी ओलांडून, वाळू चढून, तिच्या उंबरठ्यापर्यंत आली आणि तेथे थांबली. ज्यांनी पाहिले, ते पुढे आयुष्यभर त्याविषयी हळू आवाजातच बोलले, असे म्हणतात.

मोतुवाईत आता कोणी वाळका खुंट रोवीत नाही. माणूस गेले, की खाडीच्या कडेला कांदळाची ओली काठी लावतात. तेथे आज रान उभे आहे. "अजून एक" हे शब्द पाण्यावर कोणी उच्चारीत नाही. आणि रोज संध्याकाळी तेउराच्या झाडाची सावली वाळूला टेकली, की किनाऱ्यावर जे कोणी असेल, म्हातारी असो की शेंबडे पोर, ते तोंडाशी हातांची ओंजळ धरून हाक घालते, "रुआनू, घरी चल!"

त्या बेटावर कित्येक पिढ्यांत रुआनू नावाचे कोणी झालेले नाही. तरीही हाक कानी पडते, टाकायला उचललेले जाळे नावेतच खाली येते, आणि एकूण एक नाव घराकडे वळते.