बिननावाची टेकडी

एकदा काय झालं, समुद्रापल्याड आयर्लंड नावाच्या हिरव्यागार बेटावर नॉकरो नावाचं गाव होतं. एवढंसं! पण तोरा केवढा! तिथे तळहाताएवढ्या वावरालाही नाव होतं, आणि नावामागे गोष्ट होती, बरं का.

मग काय, राजाचा मोजणीदार आला साखळी घेऊन. म्हणाला, "राजाच्या नकाशात इथे काहीच नाही. म्हणजे जमीन ओसाड. जाईल सगळी राजाच्या शिकारीला."

वा रे वा! पिढ्यान्‌पिढ्या लोक राबले, आणि म्हणे ओसाड!

साइव नावाची म्हातारी पुढे झाली. "ओसाड तुझं डोकं! इथे प्रत्येक जागेला नाव आहे."

"असं? मग तीन जागांना हाक मार," मोजणीदार हसला. "तिघींनी ओ दिली, तर गाव तुमचं."

मग साइव वावरात गेली. "ए बगळ्याच्या वावरा!" वारा नसताना उभं पीक लवलं.

मग विहिरीवर गेली. "ए लंगड्या मेंढपाळाच्या विहिरी!" पाणी सरसर काठापर्यंत चढलं.

मग मोजणीदारानं टेकडीकडे बोट केलं. तिच्या पोटात पऱ्यांची वस्ती होती, बरं का. म्हणून गावाची रीतच होती, भीतीपोटी तिचं नाव घ्यायचं नाही. आजीनं घेतलं नाही, पणजीनं घेतलं नाही. आता ते कुणालाच आठवेना!

"दे ठोकून काहीतरी," शेजारचा कोर्मक कुजबुजला. "त्याला काय कळतंय!"

"खोटं नाव? आपल्या मातीला? लाज नाही वाटत मेल्या?"

मग साइव जोडे काढून टेकडीपाशी गेली. "बाई, आमचं चुकलं. भ्यायलो, नि तुला हाक मारायचं सोडलं. तुझं नाव तूच सांग."

टेकडीत दार उघडलं! पिठाच्या हातांनी एक वीतभर बाई बाहेर आली. "अगं, तुझ्याच खापरपणजीनं ठेवलं होतं की! शेजारणीची टेकडी. किती वर्षं झाली, कुणी हाकच मारीना!"

साइवनं हाक मारली ती खणखणीत. "ए शेजारणीच्या टेकडी!"

"ओ!" आतून शंभर आवाज आले.

मोजणीदाराच्या हातातली साखळीच गळून पडली. मग बसला गवतावर, आणि साइव सांगेल ती नावं नकाशात लिहीत गेला. एकही गाळलं नाही. गाळू देते की काय ती!

मग गाव सुखानं नांदलं, आणि टेकडीतली मंडळीही. चला, पांघरुणं ओढा आता. मिटा डोळे.