पाखरांच्या डोंगरावर येसू

खूप जुनी गोष्ट आहे. समुद्र ओलांडायला शिडाच्या गलबतांखेरीज दुसरं काही नव्हतं, तेव्हाची. किनाऱ्यावरच्या एका गावात येसू नावाची बाई राहत होती. राहत होती असं आपलं म्हणायचं. एका ठिकाणी चार दिवस झाले की तिचे पाय शिवशिवायला लागायचे आणि मिळेल त्या गलबतावर ती चढायची.

असंच भटकत ती एका दूरच्या बेटावर पोचली. सगळीकडे माड, भोवती निळंशार पाणी आणि मधोमध उंच डोंगर. डोंगरमाथ्यावर हजारो पांढऱ्या पाखरांची घरटी होती. बेटावरच्या एका म्हातारीनं तिला आपल्या झोपडीत ठेवून घेतलं, भाजलेला मासा वाढला. येसूचं लक्ष जेवणात नव्हतं.

“आजी, त्या डोंगरावर जायची वाट कुठून आहे?”

“आता नको, पोरी. पिल्लं उडायला लागली की मीच नेईन तुला.”

“म्हणजे कधी?”

“महिना-दीड महिना तरी लागेल.”

एवढा वेळ थांबायचं म्हणजे येसूला जन्मठेपच वाटली. का नको, हे तिनं विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारी जाळं विणायला बसली, तशी ती मागच्या अंगानं डोंगर चढली.

ती माथ्यावर पोचली आणि पाखरं कलकलाट करत उठली. येसू घरट्यांतून वाट काढत गेली, पायांखाली अंडी फुटली. पाखरं बराच वेळ घिरट्या घालत राहिली आणि मग थव्याथव्यानं समुद्रापार निघून गेली. येसू मात्र खडकावर उभी राहून पलीकडे आणखी एखादं बेट दिसतं का, ते शोधत होती.

ऊन उतरलं तेव्हा म्हातारी धापा टाकत वर आली. रिकामी घरटी पाहून तिनं समुद्राकडे नजर टाकली.

“आमच्या होड्या बेट दिसेनासं होईपर्यंत दूर जातात,” ती म्हणाली. “संध्याकाळी पाखरं घरट्याकडे वळतात आणि त्यांच्या मागोमाग आमची माणसं येतात. माझा मुलगाही. आज ती कुणाच्या मागून येणार?”

येसू खडकावरून खाली उतरली. तिनं वाळलेलं गवत, काटक्या, हाताला लागेल ते गोळा केलं.

“इथे जाळ करू?”

“पाखरं बुजतील म्हणून आम्ही इथे कधी विस्तव आणला नाही,” म्हातारी म्हणाली. “आता कर.”

अंधारून आलं तशा होड्या एकेक करून दिसू लागल्या. शेवटची होडी मात्र भलतीकडून आली आणि खडकावर आदळली. माणसं वाचली, पण म्हातारीच्या मुलाचा पाय चिरडला.

येसू मान खाली घालून झोपडीच्या दारात उभी राहिली. म्हातारी रागावली नाही. मुलाच्या पायावर पाला बांधता बांधता एवढंच म्हणाली, “उद्याही जाळ लागेल.”

त्या हंगामात पाखरं परतली नाहीत. येसूचं गलबत निघून गेलं, ती गेली नाही. रोज दुपारी मोळी डोक्यावर घेऊन ती डोंगर चढायची. खालून एखादं गलबत शीड उभारून निघालं की तिचा जीव कासावीस व्हायचा, तरी ती जागची हलत नसे. पुढच्या हंगामात पाखरं आली, तेव्हाच तिनं बेट सोडलं. म्हातारीचा मुलगा तोवर लंगडत चालू लागला होता, पण समुद्रावर तो पुन्हा कधी गेला नाही.

मुलांनो, मोठ्यांनो, परक्या ठिकाणी कुणी ‘नको’ म्हटलं, तर आधी ‘का’ विचारावं आणि मगच पाऊल उचलावं.