काळ्या साळीचा कोंडा

एका राज्यात शुभ्रसेन नावाचा राजा होता. त्याच्या ताटात मोत्याहून पांढरा भात लागे. एकदा कृष्णला नावाच्या जादूगारणीनं त्याला काळ्या साळीची भेट आणली. राजानं ती उखळात सात वेळा सडवली, दाणे पांढरे करून घेतले आणि जांभळा कोंडा उकिरड्यावर फेकला.

कृष्णला म्हणाली, "राजा, दाण्याचं तारुण्य तू फेकलंस. आता तुझ्या लेकीचं तारुण्य जाईल."

झालं! सोळा वर्षांची राजकन्या मंदारिका रोज एका वर्षानं म्हातारी होऊ लागली. चाळिसाव्या दिवशी तिच्या वेणीत एकही काळा केस उरला नाही.

माल कसा ते पोतं फोडल्याशिवाय कळत नाही, मंडळी. उकिरड्यावर एक साळुंकी तोच कोंडा टिपत होती. ती म्हणाली, "राजा, मी तुझ्या पणजोबांचा राज्याभिषेक पाहिलाय. माझी पिसं बघ, अजून तुकतुकीत. कृष्णलेच्या शेतातल्या या कोंड्यावर जगते मी. लेकीलाही हाच खाऊ घाल."

राजा हसला. "कोंड्याचा मांडा गरिबानं करावा!"

"मग राजानं लेकीचं सरण रचावं."

राजाचं हसू वाळलं. साळुंकीनं त्याला तीन कामं सांगितली.

पहिलं, कृष्णलेच्या शेतातून नवी साळ आणायची; उकिरड्यावरचा कोंडा लेकीला चालणार नव्हता. शेतात लोंबीलोंबीला नाग होता. "मुकुट उतरव, वाक, मग काप," नाग म्हणाले. राजानं मुकुट तिथंच ठेवला आणि वाकला.

दुसरं, तिथलं दगडी उखळ आणायचं. सेवकांनी हात लावला की ते डोंगर होई. राजानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, तर भोपळ्याएवढं हलकं!

तिसरं सगळ्यांत सोपं, म्हणून सगळ्यांत कठीण. साळुंकी म्हणाली, "वरचं तूस निघेल तेवढंच सड. त्यावर एक घाव पडला, की पोर गेली."

तूस उडालं. खाली दाणे काळेकुट्ट. पण जन्माची सवय ती! हात म्हणाला, आणखी एकच, जरा उजळू दे. मुसळ वर गेलं.

काठी टेकत मंदारिका दारात आली. "तात, काळा तर काळा! मला भूक लागलीय."

मुसळ हवेतच थांबलं.

भात शिजला, पेज जांभळी झाली. पहिल्या घासाला मंदारिकेचे ओठ रंगले. दुसऱ्याला सुरकुत्या पाण्यावरच्या तरंगांसारख्या विरल्या. तिसऱ्याला वेणी काळी झाली.

"तात, मीठ विसरलात," ती सोळा वर्षांच्या आवाजात म्हणाली. राजा मिठाला धावला. डोळ्यांतलं पाणी वाटेतच पुसलं.

शाप फिटला. नागांनी मुकुट आणून दिला. तेव्हापासून त्या राज्यात राजाची बोटं जांभळी आणि न्याय उजळ. तुमच्याही ताटात दाण्याचा रंग टिको.