जिवबाचं शिंपल्यांचं प्रशिक्षण

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा गृहस्थ होता. नाव जिवबा. गाव तिसऱ्यांवर, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांवर जगायचं. बायका ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या वेचायच्या, बाजारात विकायच्या. मग वाळू उपसणारे पंप आले आणि तिसऱ्या दिसेनाशा झाल्या. जिवबाची बायको शेवंती टोपली घेऊन जायची आणि मूठभर घेऊन यायची.

सरकारला दया आली. पंप हलवले नाहीत, पण प्रशिक्षण ठेवलं. विषय काय, तर जगात कुठल्या देशात समुद्रातले शिंपले वाढले आणि कुठं घटले. गावातल्या शहाण्यांना कामं होती, म्हणून जिवबाला पाठवलं.

तो परतला तेव्हा चुलीवर तिसऱ्यांचं कालवण रटरटत होतं. "जपानात शिंपल्यांची पिल्लं समुद्रात सोडतात," तो म्हणाला. "म्हणून तिकडं भरपूर मिळतात." आणि पातेल्यातल्या बारक्या तिसऱ्या निवडून खाडीत सोडून आला. मसाल्यासकट.

शेवंतीनं कपाळावर हात मारला. "अहो, पिल्लू जिवंत असताना सोडायचं असतं."

जिवबानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी शेळी व्यायली. करडू चांगलं जिवंत होतं. जिवबानं उचललं आणि खाडीत सोडलं. होडीवाल्यानं वेळेवर वर काढलं म्हणून वाचलं.

"एकुलतं एक करडू हो," शेवंती रडकुंडीला आली. "जे थोडंच उरलंय ते बाहेर सोडायचं नसतं. आत कोंडून जपायचं."

"अमेरिकेनं हेच केलं," जिवबा म्हणाला. "शिंपले घटले तसा समुद्राचा तुकडाच बंद ठेवला. कुणी हात लावायचा नाही. काही वर्षांनी पुन्हा भरपूर झाले."

शेवंतीला वाटलं, चला, काहीतरी डोक्यात शिरलं. बिचारी.

बायकांनी दोन वर्षं अर्ज केले, तेव्हा कुठं मत्स्य खात्याचे साहेब उगवले. ओहोटीत खाडी बघायची आणि पंप बंद करायच्या कागदावर तिथंच सही करायची, असं ठरलं. आज सही झाली नाही, तर उद्या पंपांना आणखी पाच वर्षांचा परवाना मिळणार होता. बायका पदर खोचून चिखलात उभ्या राहिल्या. जिवबाला सांगितलं, साहेबांना सोसायटीच्या खोलीत चहा पाजा आणि लगेच घेऊन या.

चहा पिता पिता साहेबांना आपलंच दुःख आठवलं. "काय सांगू जिवबा, सात तालुके आणि मी एकटा. आमच्या खात्यात आता माणूसच उरला नाही."

जिवबाला फार वाईट वाटलं. त्यानं मान डोलावली.

पाणी चढायला लागलं. बायकांच्या पोटऱ्या बुडाल्या, मग गुडघे बुडाले. शेवटी जिवबा आला. एकटाच, हसत.

"साहेब कुठंयत?" शेवंतीनं विचारलं.

"खोलीत. बाहेरून कुलूप घातलंय."

"अहो, पण का?"

"एवढा एकच उरलाय म्हणे. आता पाच वर्षं कुणी हात लावायचा नाही," जिवबा म्हणाला. "मग बघ, खाडीभर साहेब होतील."