शनिवारच्या तासाचा कायदा

उगाच कुठे सांगू नकोस, असं बर्वेबाईंनी बजावलं होतं, तरी सांगते. बाईंच्या शनिवारच्या तासाला वर्ग अमेरिकेची संसद व्हायचा. एरवी मान खाली घालून बसणारी शाल्मली त्याच तासाला काय ती बोलायची. एकदा संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब आले. मुलांनी त्यांनाच राष्ट्राध्यक्ष केलं आणि ‘हा तास चालू राहावा’ असा कायदा सहीसाठी पुढे ठेवला.

“मी नकाराधिकार वापरतो. तास बंद!” आबासाहेब खुर्चीत रेलले.

शाल्मली चाचरत उठली. “दोन तृतीयांश हात वर झाले, तर नकार रद्द होतो, साहेब.”

सगळ्या वर्गाचे हात वर गेले.

“ते अमेरिकेत, पोरी! इथे नाही.”

“मग तुमचा नकाराधिकारही अमेरिकेतच राहिला, साहेब.”

आबासाहेबांनी खिशातलं पेन काढून सही केली. खाली बसताना शाल्मलीला मात्र मनातून इतकं हसू येत—

“शाल्मले, दूध उतू चाललंय!”

आले, आई!