पितळी कठडा

एकदा एक व्यापारी एका वृद्ध कारागिराकडे आला. हा कारागीर सुट्या भागांच्या संचांतून युद्धनौकांच्या हातभर लांब प्रतिकृती घडवी, आणि त्याच्यापाशी एक शिष्या ती विद्या शिकत होती. व्यापाऱ्याचे वडील तरुणपणी ज्या नौकेवर खलाशी होते, ती केव्हाच भंगारात निघाली होती. वडील अलीकडे कोणाशी बोलत नसत. "त्यांची नौका त्यांना दाखवा," व्यापारी म्हणाला, "मग तरी तोंड उघडतील."

शिष्येने नौका घडवली. व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या बापाने तिच्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "ही माझी नव्हे." तिने तोफांची तोंडं कोरून पोकळ केली, जागोजागी शिड्या बसवल्या. पुन्हा तेच. "नव्हे."

शिष्या हादरली. तिला घास गोड लागेना. संचातला प्लास्टिकचा कठडा फार जाड आहे, तोच खटकत असणार! तिने परदेशातून केसासारखे बारीक पितळी कठडे मागवले. किंमत ऐकून व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. "अहो ताई, एवढ्यात माझ्या गच्चीला खरा कठडा झाला असता! असो. पण या खेपेला अप्पा नाही म्हणाले, तर मी हा नाद सोडला."

ठरल्या सकाळी बापलेक आले. नौका नुसती लखलखत होती. इतक्यात गुरुजींनी चिमटा उचलला आणि मागच्या अंगाचा बोटभर कठडा कट्‌दिशी उपटून काढला.

"गुरुजी!" शिष्या किंचाळलीच. व्यापारी ताडकन उठला. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

गुरुजींनी नौका म्हाताऱ्यापुढे सरकवली. म्हाताऱ्याचं बोट कठड्यावरून मागे मागे गेलं, रिकाम्या जागी पोहोचलं, तिथे थांबलं. आणि तो खो खो हसू लागला!

"इथे कठडा नव्हता रे, साखळी होती! ती काढून ठेवायची, ताटली मांडीवर घ्यायची आणि पाण्यावर पाय सोडून जेवायचं. साहेब रोज बोंबलायचा, 'मराल लेको!'"

व्यापारी थक्क झाला. "अप्पा, हे कधी बोलला नाहीत?"

"तू नौकेचा भाव विचारत हिंडलास. मला काय विचारलंस?"

शिष्या गुरुजींकडे वळली. "गुरुजी, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"छे गं! साखळीबिखळी मला कुठली ठाऊक? दोन्ही खेपांना 'नव्हे' म्हणताना त्यांचं बोट इथेच अडखळलं, एवढंच मी पाहिलं. तू तेव्हा नौकेत उणीव शोधत होतीस. उणीव दिसली की आपण भर घालतो, कारण भर विकत मिळते. पण पोरी, ज्याची वस्तू आहे त्याच्या मनात ती कशी आहे, हे कुठल्याच संचात येत नाही. माझं चुकलं असतं, तर कठडा पुन्हा चिकटवता आला असता. हे गृहस्थ एकदा उठून गेले असते, म्हणजे मग संपलंच होतं."

मोडलेल्या पितळेकडे शिष्येने पाहिलंही नाही. स्टूल ओढून ती म्हाताऱ्याशेजारी बसली.

"आजोबा, ताटलीत काय असायचं?"